रंगाखालची रेघ

सांगलीत नदीकडच्या भागात घर विकायला काढलेल्या माणसाचे हाल आपल्याला नवीन नाहीत. सुमंत आणि चारुशीलाचं घर आठ महिने विकलं जात नव्हतं. येणारी माणसं भिंतीवरची छातीएवढ्या उंचीची तपकिरी रेघ बघायची आणि चहा अर्धा ठेवून उठायची. २०१९ च्या पुराची ती रेघ. पाणी उतरल्यावर सुमंतनंच हौसेनं शेजारी तारीख लिहिली होती. तेव्हापासून दर पावसाळ्यात दोघांचा जीव नदीवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाणीपातळीला टांगलेला. म्हणून तर साताऱ्याला लेकीजवळ जायचं ठरलं होतं.

"काका, घर नटवायला पाहिजे," दलाल जयराज म्हणाला. "मुलगी दाखवताना तिचं जुनं दुखणं सांगत बसतो का आपण?"

सांगायला पाहिजे, असं चारुशीलाच्या मनात आलं. पण तिनं मान डोलावली.

आठवड्यात फिकट पिवळा रंग लागला. नवे पडदे आले, भाड्याचा सोफा आला, ओलीचा वास जावा म्हणून कापूर जळू लागला. तारखेसकट रेघ गेली. घर इतकं देखणं झालं, की हे आधीच केलं असतं तर विकावंसं वाटलं नसतं, असं चारुशीलाला वाटून गेलं.

अकरा वर्षं घरची भांडी घासणारी धोंडुबाई भिंतीकडं बघत उभी राहिली.

"वहिनी, रेघ कुठं गेली?"

"रंगवली."

"आन् पाण्याला सांगितलं का, आता यिऊ नगंस म्हणून?"

"तुझं काय जातंय गं त्यात?"

"माझं जायचं ते तवा पुरातच गेलं. पर तुमी पाण्याला भिऊन चाललाय. मग नव्या माणसानं भ्यायचं न्हाई व्हय? त्येला सांगा की. ऐकून घर घ्यायचं तर घील, न्हाईतर जाईल."

चारुशीलानं त्या दिवशी तिला चहा विचारला नाही.

रविवारी जयराज वडूजचे लालासाहेब आणि त्यांच्या पत्नी हरणाबाईंना घेऊन आला. लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. हरणाबाईंच्या हातात वॉकर. लालासाहेब खिडकीतून नदीकाठची झाडं बघून हरखले.

"आमचा जल्म टँकरची वाट बघण्यात गेला. हितं नदी हाकंवर हाय." मग त्यांनी मान वर केली. "प्लग एवढं डोक्याच्या वर का वो?"

"नातवंडं येतात ना," सुमंत म्हणाला. "त्यांचा हात पोचू नये म्हणून."

तीस वर्षांच्या संसारात नवरा इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो, हे चारुशीलाला आज कळलं.

हरणाबाई सोफ्यावर टेकल्या. "जिना न्हाई, हे लय बरं झालं. हे आठ-आठ दिस गावाकडं रानात असत्यात. मी एकटीच असणार. गुडघं उचलत न्हाईत बगा."

एकटीच. चारुशीलाला सासूबाई आठवल्या. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून त्यांना पाण्यातनं बाहेर काढलं होतं आणि त्या सारख्या म्हणत होत्या, खाली ठेवू नका रे.

"इथं पुराचं पाणी येतं," ती म्हणाली.

"चारू!"

ती नव्या रंगाला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं छातीवर आडवा हात धरला. "इथवर आलं होतं. प्लग त्यासाठीच वर घेतलेत. पुन्हा येईल का, मला माहीत नाही. पण आम्ही त्याच भीतीनं निघालोय."

लालासाहेब खिडकीपासून मागं सरले. "नदी घरात येती, हे आमच्या ध्यानातच आलं नसतं, ताई."

उठताना हरणाबाईंनी चारुशीलाचं मनगट आधाराला धरलं आणि उभं राहिल्यावरही सोडलं नाही.

ती दोघं गेली. त्यांच्यामागं जयराजही तणतणत गेला.

"आता बसू आपणच इथं, बुडत," सुमंत म्हणाला. चारुशीलानं कपबशा उचलल्या. ती परत आली तेव्हा तो तसाच बसलेला.

"आईच्या खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता," तो हळूच म्हणाला. मग त्यानं जयराजला फोन लावला. "पुढच्या गिऱ्हाइकाला पुराचं आधीच सांगायचं. भाव पडला तर पडू दे."

घर अजून विकलेलं नाही. मंडळी, विकायचं घर झाडावं, रंगवावं, पडदे लावावेत, त्यात वाईट काहीच नाही. पण ज्या भीतीनं आपण घर सोडतो, तीच झाकून दुसऱ्याला आत बोलावणं ही फसवणूक आहे, मग व्यवहारात तिला कुणी काहीही म्हणो. उद्या आपल्या जागी जो झोपणार आहे, त्याला आपल्याइतकंच माहीत असलं पाहिजे.