दोघांनी हात लावलेली ओळ

पेणच्या दिनानाथकाकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापखान्यात पाठवला, तेव्हा त्यात मधेमधे बाणांच्या रांगा होत्या. काकांना वाटलं, नक्षी आहे. छापखानेवाल्याला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. मी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

ही फाईल आम्ही दोघं लिहितो, काका पेणला आणि मी रोह्याजवळ वरसेला. कोणता बदल कुणी आणि कधी केला, हे 'गिट' नावाची व्यवस्था जपून ठेवते. एकाच ओळीला दोघांनी हात लावला की ती अडते, दोन्ही मजकूर बाणांच्या कुंपणात घालते आणि म्हणते, निवडा. हे सगळं घरात आणलं काकांच्या मुलाने, यज्ञेशने. तो दीड वर्षापूर्वी गेला. काका त्याचाच संगणक वापरतात.

हे मी काकांना फोनवर समजावलं. मंगळवारी त्यांचा उलटा फोन. "निमिषने घर घेतलंय ना? लिही की ते. आणि तू इकडे ये गो मैथिली, ते चित्रासारखं दिसणारं बसवून दे. मला निवडता आलं पायजे." अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला मर्ज टूल, म्हणजे दोन्ही मजकूर शेजारी मांडून निवडायला देणारं साधन, हवंय, याचं मला कौतुकच वाटलं. एवढी घाई कशाची, हे काही मी विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी पोचले. काकांच्या घराखालच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती ओळीने उभे होते, रंगवून झालेले, फक्त डोळ्यांची आखणी राहिलेली. मी टूल उतरवून घेतलं आणि गिटला सांगून ठेवलं की अडलीस तर हे उघड. आधी सगळं मराठी नुसतं चौकोन चौकोन दिसलं. फॉन्ट बदलला. मग सर्व्हरवरून माझे बदल ओढले आणि पडद्यावर तीन चौकटी उघडल्या.

"मधली मूळ," मी म्हटलं. "कुणी हात लावण्याआधीची. डावीकडे आपलं, म्हणजे या संगणकावरचं. उजवीकडे त्यांचं, म्हणजे बाहेरून आलेलं."

मधे होतं, 'चि. निमिष'. उजवीकडे मी मंगळवारी लिहिलेलं, 'चि. निमिष, वरसे येथे नवे घर'. आणि डावीकडे, 'कै. निम्या'.

निमिष माझा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा, सकाळीच माझ्याशी डब्यातल्या चटणीवरून भांडून कंपनीत गेलेला. चिरंजीवाचा 'चि.' पुसून कैलासवासीचा 'कै.' लावणं मी मस्करीतही खपवून घेणार नाही. "काका, हे काय लिहिलंत?"

"मी नाय लिहिलं."

मी नोंद उघडली. लेखक यज्ञेश. दिवस सोमवार.

"संगणक अजून त्याच्या नावावर आहे ना," मी हसून म्हटलं. "गेलेल्या माणसाच्या नावाने विजेचं बिल येत राहतं, तसंच हे. तुमच्याच हातून झालंय." पण निमिषला निम्या म्हणणारा जगात एकच माणूस होता, यज्ञेश.

"चंद्रावतीच्या वेळेला पण आलं होतं," काका म्हणाले. चंद्रावती म्हणजे माझी आत्या, काकांची बहीण. "कै. चंद्रावतीआत्या, असं. ती तेव्हा पापड लाटत होती, चांगली धडधाकट. मी ते खोडलं, परत आलं. चौथ्या दिवशी गेली. तू म्हणालीस ना, दोघांनी हात लावला की विचारतं? म्हणून निमिषचं तुझ्याकडून लिहून घेतलं. तुला आधी सांगितलं असतं, तर वेड्यात काढलं असतंस मला."

काढलंच असतं. सोमवार ते गुरुवार, चार दिवस. निमिषचा मोबाईल बंद लागत होता, शिफ्ट संपेपर्यंत तो गेटवर जमा असतो. मी उजवीकडचा मजकूर निवडला, जतन केला. 'चि.' राहिला. मी फाईल बंद करून पुन्हा उघडली, तरी राहिला.

साडेतीनला निमिषचा फोन आला. "ताई, टाकीवर चढायचा जिना खाली आला गो! मी पहिल्या पायरीवरून मागे फिरलो, का ते मलाच नाय माहीत." मी त्याला चिकार शिव्या दिल्या आणि ढसाढसा रडले. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग डोळे पुसून मी अख्खी फाईल वरपासून वाचली. सोमवारी यज्ञेशच्या नावाने आणखी एक ओळ बदलली होती. 'कै. बाबा'. यज्ञेश बाबा म्हणायचा तो काकांना.

टूलने ती दाखवली नव्हती. कशी दाखवेल? ते फक्त दोघांनी हात लावलेल्या ओळीपाशी अडतं. एकट्याचा बदल असला, की न विचारता स्वीकारून टाकतं. काकांच्या ओळीत गेल्या दहा वर्षांत आमच्यापैकी कुणी एक अक्षर घातलं नव्हतं.

मी 'कै.' खोडलं, जतन केलं, फाईल उघडली. होतं. पुन्हा खोडलं. पुन्हा होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग तुमच्याही ओळीत लिही म्हणून का नाही सांगितलंत?"

"आपल्याबद्दल लिहा, असं काय सांगायचं असतं गो?"

मी झटकन माझा लॅपटॉप काढला. माझ्या प्रतीत काकांची ओळ होती, 'दिनानाथ, पेण. निवृत्त शिक्षक.' तिच्यात माझ्याकडून काहीतरी नवं यायला हवं होतं, निमिषच्या घरासारखं खरं, तरच टूल अडून विचारणार होतं. मी लहानपणापासून या घरी जेवतेय, आणि काका शाळेत कोणता विषय शिकवायचे हेही मला ठाऊक नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, सांगा ना पटकन. काय लिहू तुमच्याबद्दल?"

"आता विचारतेस व्हय?" ते म्हणाले. रागाने नाही. खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले आणि आठवू लागले.

माझी बोटं कळांवर होती. "काका," मी म्हटलं, "मोठ्याने आठवा."