पुस्तिकेत आबा नाहीत

"येऊ दे, येऊ दे गं बाई, येऊ दे... बास."

आबांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. आबा, माझे वडील, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रकवर क्लीनर होते. ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला लागला की ते मागे उभे राहायचे, फाळक्यावर तळहात मारायचे आणि गाय गोठ्यात घ्यावी तसं त्या धुडाला हाकारायचे.

चेक देशात मी ट्रक चालवू लागलो आणि रिव्हर्स टाकला की मागून तोच आवाज यायला लागला. आधी नुसता आवाज. मग आरशात पटका दिसला, मग धोतर, मग वहाणा, आणि वहाणांभोवती बर्फ.

मी आईला फोन केला.

"आबा कुठायत?"

"कुठं जात्यात? हितंच खाटंवर हैत. पर आवाज गेलाय बग त्यांचा. तोंड हलतंय, ऐकू कायबी येत न्हाई."

आवाज माझ्याकडे आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

कंपनीने प्रत्येकाला एक पुस्तिका दिली होती. परदेशी चालकांसाठी उपयोगी चेक वाक्ये. त्यातलं वाक्य तोंडातून गेलं की खरंच तसं घडायचं. सरावासाठी मी 'माझा टायर पंक्चर आहे' म्हणालो, तर गाडी एका अंगाला बसली. एकदा खानावळीतल्या बाईला 'नेरोझुमीम' म्हणालो, म्हणजे मला कळत नाही. त्या संध्याकाळी फोनवरचं बायकोचं बोलणं मला विहिरीत बादली आपटावी तसं ऐकू आलं. म्हणून इथले चालक फार बोलत नाहीत.

वजनकाट्यावर रांग होती. मला गाडी मागे घ्यायला सांगितली. आबा मागे उभे होतेच.

"येऊ दे, संपत, येऊ दे. डावीकडं लई जागा हाय. भितोस कशाला?"

शेजारच्या केबिनांच्या काचा खाली झाल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिलो. धूळ नव्हती.

पोलीस बाई आली. मी खाली उतरलो.

"ग्दो ये तो?" तिने आबांकडे हात केला. हा कोण?

मी पुस्तिका उघडली. टायर होता, डिझेल होतं, हातब्रेक होता, रुग्णवाहिका होती. बाप नव्हता.

"पुस्तिकेतलंच बोला," ती तिच्या भाषेत म्हणाली. "बाकीचं इथे धरत नाहीत."

"सांग की रं," आबा म्हणाले. "लाजतोस व्हय?"

सगळ्या काचा खाली होत्या.

"वेझू नाबितेक," मी म्हणालो. पुस्तिकेतलंच वाक्य: मी फर्निचर वाहतो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कट्ट्यावर टेकावं तसे ते गुडघ्यांत वाकले आणि अर्ध्यातच थांबले. धोतर गळून पडलं तेव्हा खाली चार पाय होते, सागवानी, रंधा मारलेले. पटका पाठीवर तसाच गुंडाळलेला राहिला.

खिशात फोन वाजला.

"संपत, आबांचं हात लाकडावानी झाल्यात रं. मगापासनं चोळतीया, ऊब येत न्हाई. तू बोल की त्यांच्यासंगं."

"नंतर करतो," मी म्हणालो.

पोलीस बाईने खुर्चीभोवती एक फेरी मारली, पाठीवर टकटक केली. "दोब्रा झिद्ले," ती म्हणाली. चांगली खुर्ची. आणि पावती लिहायला ती खुर्चीवर बसली. खुर्ची कुरकुरली नाही. आबा ओझ्याखाली कधीच कुरकुरले नव्हते.

"तुम्ही जाऊ शकता," तिने पावती दिली.

"आणि खुर्ची?"

"फर्निचर इथेच उतरवायचं असतं."

ती उठली नाही. मी केबिनमध्ये चढलो, रिव्हर्स टाकला. मागून कुणी बोललं नाही. गाडी आपोआप मागे सरकायला लागली, आणि आरशात ती दोघं जवळ येत गेली. बाई थंडपणे पेन झटकत होती. खुर्चीचा एक हात तिच्या कुशीशेजारून वर आला, पुढे बोटं फुटली, उघडा तळवा झाला, आणि फाळका हाताशी यायची वाट बघत तसाच थांबला.

मी ब्रेक दाबला. पुस्तिका सीटवर ठेवली आणि खाली उतरलो. काचा अजून खालीच होत्या.

"बाई, उठा," मी शेवटच्या केबिनपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो. "माझं आबा हैत त्ये."