काठावरचा गाळ

निळा, अर्ध्या पांढऱ्या फुलाचा, बोटाच्या पेराएवढा – लादीचा तुकडा. थोरल्या बहिणीच्या, नवशीच्या पायातून निघालेला, इस्पितळाने धुऊन कागदात गुंडाळून दिलेला, आता लाहूच्या तळहातावर, आणि लाहू खिडकीबाहेरच्या चिकूकडे बघतोय, कारण उरलेलं अर्धं फूल कसं असतं ते त्याला ठाऊक आहे. तसलीच एक अख्खी लादी त्याच्या मोरीत आहे. मीच बसवली, तो मनाशी म्हणतो. मे महिन्यात बाजारामागच्या गटारातून कुणीतरी फेकलेल्या फुटक्या लाद्या काढताना एक धड सापडली, तेव्हा...

तेव्हा डहाणूत नालेसफाई चालू होती आणि लाहू तिथला मुकादम. गाळ काढायचा, गटाराच्या काठावर दोन दिवस सुकू द्यायचा – ओला गाळ गाडीवाला घेत नाही – मग उचलायचा. नेहमीची रीत. डंपर तलासरीला दुसऱ्याच कामावर गेला, दोनाचे पाच दिवस झाले. साहेबांना ग्रुपवर फोटो हवा होता. लाहूने रिकाम्या, स्वच्छ गटाराचा फोटो काढला, ढीग त्यात येऊ नये म्हणून जरा पुढे होऊन... दोन पावलं. दोनच पावलं सरकलो. खाली लिहिलं, गाळ उचलला. त्याच दुपारी अवकाळी कोसळला आणि काठावरचं सगळं – पिशव्या, गॅरेजचं काळं तेल, काचा, लाद्या – परत गटारात, गटारातून खाडीत. तिथं ओहोटीला आपली थोरली बहीण अनवाणी चिखलातल्या शिंपल्या, शिवल्या काढते, हे त्याला तेव्हा आठवलं का? आठवलं. टपरीवर उभा राहून चहा प्यायलो.

आता तिच्या पायाची दोन बोटं नाहीत. अंगात साखर, जखम भरत नाही.

नवशी मात्र हसत होती. चाळीस वर्षं शिवल्या खाल्ल्या, त्यांनी एकदा चावा घेतला तर बिघडलं काय, म्हणाली. मग त्यालाच दटावलं, गटारात उतरताना बूट घालत जा, तुला अक्कल कधी येणार. मग तुकड्याकडे बघत राहिली.

"कुठून आलं असेल रे हे?"

या प्रश्नाची किती वाट पाहिली होती – रोज सकाळी मोरीत, पायाखाली गार निळं – उत्तर तयार होतं, माझ्यामुळे, बाय, एवढंच...

"समुद्रातून," तो म्हणाला. "भरतीला काय काय येतं."



"म्हणजे तो फिरला आपल्यावर. दरवर्षी नारळ देते मी त्याला." आणि मग, अगदी हळू, "पाय बरा झाला तरी आता नाही जायची मी, लाहू."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

इतके दिवस एकच भीती होती, ती चिडेल. ती भीती गेली आणि तिची जागा रिकामी राहिली – नाही, रिकामी नाही; तिथं काहीतरी मागत बसलं होतं, नवशीने उठावं, लहानपणी उगारायची तसा हात उगारावा, माझ्यावर, फक्त माझ्यावर... समुद्राला सांगता येणार नव्हतं, मी नव्हे म्हणून. मला येत होतं. अजून येत होतं, आत्ताही, आणि ती भिंतीकडे, आणि मी – चिकूकडे.