सीनेचा काठ

मरियाबाई भिंगारदिवे नगरला मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. शाळेच्या मागूनच सीना वाहायची, पण तो काठ नदीचा वाटत नसे. राडारोडा, चिंध्या, फुटकी मडकी आणि त्यावर माजलेली घाणेरी. बाई लहान असताना तिथं लव्हाळा असायचा, बाभळीला सुगरणींची घरटी लोंबायची. आता मुलींना सुगरण दाखवायची तर पुस्तकातलं चित्र उघडावं लागे. नदी हाकेवर असताना हे बाईंना फार लागायचं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्या आप्पासाहेबांकडे गेल्या. ते नगरपालिकेचे सभासद. काठ साफ करायची त्यांनाही हौस होती. पण त्यांच्या मनात होती हिरवळ, सिमेंटचे बाक आणि मधोमध कारंजं. त्यासाठी जुन्या बाभळी तोडायच्या होत्या.

"बाभळी राहू द्या," बाई म्हणाल्या. "इथं मुळात जे होतं तेच परत लावू. करंज, उंबर, जांभूळ, पाण्यालगत लव्हाळा."

"लोक म्हणतील, बाग मागितली तर आप्पासाहेबांनी रान दिलं!"

"म्हणू द्या. उन्हाळ्यात कारंज्याला पाणी कुठून आणणार, तेवढं सांगा."

आप्पासाहेब हसले. "बरं बाई. दोन वर्षं घ्या. नाही जमलं तर माझी बाग."

काठावरच्या आळीतले लोक आणि शाळेच्या मुली कामाला लागल्या. घाणेरी मुळासकट उपटली, राडारोडा गाड्यांतून हलवला, पावसाळ्यात रोपं लावली. आडवी आली ती एकटी कडूबाई. आळीतली ही विधवा बाई शेळ्यांवर पोट भरायची.

"तुमच्या झाडापायी माज्या शेळ्या उपाशी मारू व्हय?"

मरियाबाई वाद घालत बसल्या नाहीत. "बाभळीच्या शेंगा सगळ्या तुमच्या. फक्त रोपांना तोंड लावू देऊ नका. राखण तुम्हीच करा."

कडूबाई पुटपुटत गेली. पण दुसऱ्या दिवशी काटेरी फांद्या ओढून आणून तिनंच रोपांभोवती कुंपण केलं.

मग बहात्तर साल आलं. पाऊस झालाच नाही. सीना वाळूची झाली, विहिरी तळाला गेल्या. प्यायचं पाणी झाडांना घालायचं मनातही आणवेना. तेव्हा कडूबाईनं आळीतल्या बायकांना गोळा केलं. भांडी विसळलेलं, अंग धुतलेलं पाणी डब्यांत साठायला लागलं आणि रोज संध्याकाळी रोपांच्या बुंध्याशी पडायला लागलं. कित्येक रोपं जळाली तरीही. उंबर मात्र हिरवे राहिले.

त्र्याहत्तरच्या भर उन्हाळ्यात एके दुपारी मरियाबाई काठावर आल्या, तर कडूबाई उंबराच्या रोपासमोर उभी. हातात दावं, दाव्याला शेळी. शेळीच्या बरगड्या दिसत होत्या. शेंगा कधीच संपल्या होत्या.

बाईंना पाहवेना. "चारा, कडूबाई. झाड पुन्हा लावू."

"लावाल वो तुमी. पर आख्ख्या आळीनं आपल्या वाटचं पानी पाजलंय ह्याला. ते कुटून आनाल?"

तिनं दावं ओढून शेळी मागं फिरवली. त्याच आठवड्यात सगळ्या शेळ्या एका मालट्रकात घालून राजूरला लेकीकडं धाडल्या. तिकडं डोंगरात थोडा तरी पाला होता. कडूबाई मात्र नगरलाच राहिली, मजुरीला जात आणि संध्याकाळी डबे वाहत.

त्या वर्षी पाऊस झाला. सीना वाहिली. लव्हाळ्यानं काठ धरून ठेवला, उंबर माणसाच्या वर गेले. आणि श्रावणात पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींनी घरटी विणायला घेतली. मरियाबाईंनी वर्ग तसाच उठवून काठावर आणला. मुली माना वर करून बघत राहिल्या.

भाद्रपदात आप्पासाहेब शेवगावच्या काही पाहुण्यांना घेऊन आले. नेमकी त्याच दिवशी कडूबाईची लेक शेळ्या घेऊन परतली होती. काठ बघून ती जागीच थबकली.

"बाग छान केलीत, आप्पासाहेब," एक पाहुणा म्हणाला. "कुणी आखली?"

आप्पासाहेबांनी तोंड उघडायच्या आत कडूबाई पदर खोचून पुढं झाली.

"बाग न्हाई, सायेब. नदीचा काठ हाय ह्यो. गेल्ता. आमी माघारी आनलाय."

पाहुण्यानं आप्पासाहेबांकडं पाहिलं.

"खरंय," आप्पासाहेब म्हणाले. "बायांनी आणला. चला, त्याच दाखवतील."

कडूबाईनं लेकीचा हात धरला, मरियाबाईंना हाक मारली आणि ती सगळ्यांच्या पुढं चालायला लागली.