निःशब्द खोलीतल्या मधमाश्या

अंतराळवीर व्हायचं तर छातीत दम हवा, डोकं थंड हवं, असं सगळे सांगतात. एका खोलीत मुकाट जागं बसावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

रशियातल्या झ्व्योझ्दनी या अंतराळवीर-प्रशिक्षण केंद्रातल्या त्या निःशब्द खोलीत आग्नियाची दुसरी रात्र सरत आली होती. जाड भिंती, एक दिवा, एक कॅमेरा. झोपायचं नाही. ठरल्या वेळी कॅमेऱ्याकडे बघून तब्येत सांगायची. बाहेरून उत्तर येत नाही. इथे नापास झालं की आकाशाचं दार कायमचं बंद.

"डॉक्टरांपुढे तोंड शिवून बस," तुकडीतल्या तिखोननं बजावलं होतं. तो मागच्याच आठवड्यात इथून बाहेर पडला होता. "आपल्याला रॉकेट पाडत नाही गं, डॉक्टर पाडतात! डोकं दुखलं? नाही. भास झाला? छे!" हा मंत्र इथे प्रत्येक नव्या उमेदवाराच्या कानात पडतोच.

आणि आता तिला मधमाश्या ऐकू येत होत्या.

आधी लांबून, मग अगदी उशाशी. भिंती मेणासारख्या पिवळ्या, मऊ झाल्या आणि ती तरंगत अल्ताईच्या डोंगरात, माहेरच्या अंगणात पोचली. गुडघाभर बर्फात उभे राहून बाबा मधमाश्यांच्या पेटीवर टिचकी मारत होते, कान लावत होते. आतून गुणगुण आली की म्हणायचे, "जगल्या गं लेकी!" बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या टोपीचा धुरकट वास आला. तिला तिथून हलूच नये असं वाटलं.

तब्येत सांगायची वेळ झाली. "सगळं ठीक," ती सवयीनं म्हणाली आणि थांबली. बाबांना मुक्या पेटीचीच तर भीती वाटायची; मुकी म्हणजे थंडीनं मेलेली.

"ठीक नाही," ती म्हणाली. "मला मधमाश्या ऐकू येतायत. आधी लपवलं." मग तिनं बाबांचं, बर्फाचं, टिचकीचं सगळं सांगून टाकलं. बोलून झाल्यावर मात्र तिला रडू कोसळलं. हातातोंडाशी आलेला घास आपणच घालवला होता.

दार उघडलं तेव्हा म्हातारे डॉक्टर लेव अर्काद्येविच दाराला कान लावून उभे होते. तोल जाऊन पडता पडता वाचले.

"जगलीस गं लेकी," ते म्हणाले.

"मला काढलंत ना?"

"कशाला? इतक्या शांततेत आपल्याच रक्ताची गुणगुण ऐकू येते, पोरी. कुणाला समुद्र वाटतो, कुणाला आगगाडी. वर पाठवायला मला खरं सांगणारं माणूस लागतं. काहीच ऐकलं नाही म्हणणाऱ्याला मी घरी पाठवतो."

आग्नियानं हसत डोळे पुसले आणि मग तिला तो मंत्र आठवला. "आणि तिखोन?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आज संध्याकाळी सांगणार आहे त्याला."

तेवढ्यात गरम चहाचा पेला सांभाळत तिखोनच धावत आला. "काय गं, शिवलं होतंस ना तोंड?"

आग्नियानं त्याला घट्ट मिठी मारली. आता मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना.