साफ माल

सोमवारी मोंढागल्लीची गाडी खड्ड्यापाशी आली तेव्हा मी ती एकदम ओतू दिली नाही, रोजच्यासारखी टोपलीने मोजून घेतली. चुलीची राख अकरा टोपल्या. धूळ आणि झाडलोट सात. कडुलिंबाचा वाळका पाला नऊ. धान्य पाखडून निघालेली फोलपटं चार. सुतळी, गोणपाटाच्या चिंध्या आणि रद्दी मिळून दोन. सुटे नग: फुटक्या बाटल्या तीन, रबरी चप्पल एक, काच नसलेला कंदील एक. हे सुटे नग भंगाराच्या पोत्यात गेले, बाकीचं खड्ड्यात.

ही १९७४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. औरंगाबादला रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले होते आणि आमच्या नगरपालिकेने मला सहा महिन्यांसाठी कंपोस्टच्या कामावर घेतलं होतं. घरोघरचा कचरा गाडीने गोळा करायचा, काच-पत्रा भंगारवाल्याला द्यायचा आणि उरलेल्याचं खत करायचं. त्याआधी हे सगळं नाल्यात जात असे.

मोंढागल्लीच्या कचऱ्याचा हा पहिला खड्डा माझे मामा तातेराव यांच्या बांधाला होता. मामांनी तो स्वतः खणला होता आणि त्या बदल्यात पहिलं खत त्यांना मिळणार होतं. त्यांचं रान अडीच एकर, सगळं मुरमाड. दुष्काळात दोन्ही बैल विकावे लागले, तेव्हापासून त्या रानाला शेणाची पाटीही मिळालेली नव्हती. खत मिळालं तर यंदा कापूस लावायचा, नाहीतर पुन्हा बाजरी, असं त्यांनी ठरवलं होतं.

आमच्या वस्तीतल्या काहींना हे पसंत नव्हतं. गावाची घाण ओढायचं काम आम्ही छप्पन साली सोडलं, आता पोरगी शिकून पुन्हा तिथंच आली, असं भुजंगकाका चारचौघांत म्हणाले. मामांनी त्यांना तिथंच उत्तर दिलं, "आपल्या आज्यानं ओढलं ते गावासाठी. मी माझ्या रानासाठी घेऊन राह्यलो. तुला लागंल तव्हा पाटीभर माग, देईन."

पण खड्डा तापत नव्हता. कचरा नीट कुजायला लागला की आतून तापतो. साठ अंशांच्या वर गेला की माश्यांच्या अळ्या, तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतात, आणि खत रानात टाकण्याजोगं होतं. मी पहारीने भोक पाडून थर्मामीटर दोन फूट खाली सोडत असे. वर काढताना पारा लगेच उतरू नये म्हणून त्याच्या फुग्याभोवती कापूस गुंडाळला होता.

"काय म्हंतंय तुझं नळकांडं?" मामांनी विचारलं.

"एकोणतीस."

"म्हंजी?"

"म्हंजी थंड. बाहेरच्या हवेएवढंच."

"आपल्या उकिरड्यात हात घातला की चटका बसायचा. त्याला कव्हा नळकांडं लावलं न्हाई."

"त्यात शेण असायचं, मामा."

"बैल आसते तर तुझ्या खड्ड्यापाशी आलो आस्तो का मी?"

त्याच सोमवारी आरोग्य समितीचे सभापती गिरधारीलालजी यांनी मला बोलावलं. मोंढ्यात त्यांची धान्याची अडत होती. उन्हाळा तोंडावर आला होता आणि कचऱ्याची गाडी पाण्याची टिपं वाहायला हवी, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं.

"पुढच्या सोमवारी सभा आहे," ते म्हणाले. "त्याच्या आत खड्डा तापला तर गाडी तुमची, नाही तर पाण्याची. साठ तुम्हीच लिहून दिलं आहे. एकोणसाठ आलं तर मी साठ म्हणणार नाही. तराजूचा माणूस आहे मी."

मंगळवारी मी गाडीवाल्या कडूबांबरोबर गल्ली फिरले. दारोदार झाकणाचे डबे तयार होते. राख तर चाळून दिलेली होती, कोळशाचा एक खडा नाही. कडूबा खूश होते. "एवढी इमानदार गल्ली म्या पाह्यली न्हाई, ताई. कचऱ्यात कचराच न्हाई."

गिरधारीलालजींच्या घराच्या मागच्या बाजूला आलो तेव्हा मला वास आला. गटार मेथीच्या काड्यांनी, कोबीच्या पानांनी आणि चहाच्या चोथ्याने तुंबलं होतं. आठ दिवस मी टोपल्या मोजत होते आणि त्यात एक देठसुद्धा आलेलं नव्हतं. नुसती राख, पाला आणि फोलपटं. त्यात नायट्रोजन जवळपास नाहीच. जंतूंना खायला काही नव्हतं, मग खड्डा तापणार कशाने?

मागच्या दारात गिरधारीलालजींच्या पत्नी संतोषबाई गवार निवडत बसल्या होत्या. निवडलेली देठं त्या थेट गटारात टाकत होत्या.

"काकीजी, हे गटारात का टाकता?"

"मग कुठे टाकू? गाडीत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही भलतं बोलले होते. "धरतीमातेला उष्टं-खरकटं खाऊ घालायचं? भोंग्यावर तुम्हीच सांगितलं ना, आता सगळं शेतात जाणार म्हणून. नाल्यात जायचं तेव्हा आम्ही बिनधास्त टाकत होतो. मी गल्लीतल्या सगळ्या बायांना बजावलं आहे, आपल्या गल्लीतून साफ माल गेला पाहिजे."

टांग्याला भोंगा बांधून आम्ही गावभर सांगितलं होतं हे खरं. मजकूर माझा होता, पण ‘तुमच्या घरचा कचरा आता धरतीमातेच्या पोटात जाणार आहे’ हे शेवटचं वाक्य गिरधारीलालजींनी स्वतः घातलं होतं. ते त्यांना फार आवडलं होतं.

मी नायट्रोजनबद्दल सांगितलं. संतोषबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण उष्टं मी देणार नाही. ते आमची गाय खाते. पोळी-भाताची सवय झाली, देठांना तोंड लावत नाही."

"उष्टं देऊच नका. पण ही गवारीची देठं उष्टी कशी? ताटात आली नाहीत. चुलीपर्यंतसुद्धा गेली नाहीत."

त्यांचा हात थांबला. त्यांनी मूठभर देठं उचलून पाहिली.

"ये बात तर बराबर आहे," त्या म्हणाल्या. "मग चहाचा चोथा? तो तर उकळलेला."

"उकळलेला आहे, पण तोंडाला लागलेला नाही. गाळणीतच राहतो."

"तुम्ही वकिलीण व्हायला पाहिजे होतं. बरं, चोथा चालेल. केळीची साल?"

"ती तर सोलूनच टाकतात."

"आमचा नातू सालसुद्धा चाटतो. साल नाही."

"साल नाही," मी मान्य केलं.

असं करत आम्ही भाजीची टोपली सबंध पालथी घातली. कांद्याची टरफलं चालतील. मटाराच्या शेंगा चालतील. शिळी पोळी नाही, भात नाही, पत्रावळी तर बिलकुल नाही. मग संतोषबाईंनीच विचारलं, "गाय जिथे उभी राहते तिथली माती चालेल? शेण गोवऱ्यांना लागतं, पण गोमूत्र मुरलेली माती आम्ही खरवडून फेकतो. त्याहून पवित्र काय असणार?"

मला हवा होता तो नायट्रोजन त्या मातीत भरपूर होता. "चालेल," मी म्हणाले. "रोज दोन पाट्या मिळाल्या तर फार बरं."

"दोन कशाला? गल्लीत सात गायी आहेत."

त्या दुपारी त्या स्वतः पदर सावरत घरोघर गेल्या. चुलीच्या आधीचं गाडीत, नंतरचं गायीला, इतका सोपा नियम त्यांनी करून टाकला. मला तो सुचला नसता. मी ओलं आणि सुकं असे दोन डबे सांगणार होते. संध्याकाळी गिरधारीलालजींना खड्डा थंड राहण्याचं कारण कळलं तेव्हा मी तिथंच होते.

"वाक्य तर चांगलं होतं," ते म्हणाले.

"चांगलं होतं म्हणून तर ऐकलं," संतोषबाई म्हणाल्या. "एरवी तुमचं कोण ऐकतं?"

बुधवारी मामा, कडूबा आणि मी सगळा खड्डा उपसला. राख बरीचशी बाजूला ठेवली. एक थर पाल्याचा, एक भाजीच्या देठांचा, त्यावर गोठ्याची माती आणि पाण्याचा शिपका, असं पुन्हा भरत आणलं. मामा वरून तुडवायला लागले तेव्हा मी त्यांना खाली उतरवलं.

"आत हवा राहू द्या, मामा. हवेशिवाय तापत न्हाई."

"आता कचऱ्यालाबी खिडकी पायजे," मामा म्हणाले, पण उतरले.

गुरुवारी छत्तीस भरलं. शुक्रवारी अठ्ठेचाळीस. शनिवारी त्रेपन्नावर पारा अडला आणि रविवारी सकाळीही तिथंच होता. मामा रानाच्या कडेने फिरून आले आणि मुरमाचा एक खडा उचलून बोटांत चोळत बसले. मी कडेचा मूठभर कचरा पिळून पाहिला. एक थेंब निघाला नाही. उन्हाने तो वाळला होता. आम्ही पहारीने नवी भोकं पाडून विहिरीचं पाणी सोडलं आणि वरून गोणपाट टाकलं.

सोमवारी सभेच्या आधी गिरधारीलालजी टांग्याने बांधापर्यंत आले. धोतर सावरत खड्ड्याच्या काठाला उभे राहिले. गोणपाट उचलताच वाफ वर आली आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"तुम्ही वाचू नका," ते मला म्हणाले. "मी वाचतो."

मामांनी पहारीने भोक पाडलं. मी थर्मामीटर सोडला आणि आम्ही दहा मिनिटं थांबलो. त्या वेळात मामांनी त्यांना यंदा सरकी कुठली घ्यावी ते विचारलं. ते म्हणाले, परतूरच्या बाजारात बघा, इथली जुनी आहे. मग मी दोरी ओढली. गिरधारीलालजींनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, थर्मामीटर उभा धरला आणि आकडा मोठ्याने वाचला.

दोन फूट खोलीवर चौसष्ट अंश. बाहेरची हवा एकतीस.