उतारावरची करवंटी

शत्रुघ्नरावांना जाऊन चाळीस दिवस होत आले, तरी सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून टिपूस गळले नव्हते. वटारच्या आळीत त्याची कुजबुज होती. त्यांना स्वतःला त्याचे दुःख नव्हते, नवलही नव्हते. हात कामे करीत, पोटात अन्न जाई; मन मात्र फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखे बधिर होऊन गेले होते.

यजमानांचा अठरा वर्षांचा ट्रक फाटकापाशी उभा होता. वाडीतली केळी आणि नारळ त्यानेच आजवर बाजारात नेले. तेराव्यानंतर पुतण्या विपुल तो चालवू लागला आणि ट्रकाने जणू असहकाराचे व्रत घेतले. सकाळी सुरू व्हायचे नाव नाही. कसाबसा सुरू झालाच, तर भरल्या गाडीने पुलाचा चढ लागताच दम सोडायचा. "धनी गेला, ते लोखंडालाही कळतं गो," असे शेजारणी म्हणत. जूचंद्रचा भंगारवाला आज दहा वाजता तो न्यायला येणार होता. कोणी पाणी मागावे आणि आपण भांडे पुढे करावे, तितक्याच सहज सुभद्राबाईंनी होकार देऊन टाकला होता.

परंतु यजमानांचा जुना स्नेही, नंदाखालचा ॲन्सेल्म मिस्त्री, आदल्या दिवशी सांगून गेला होता, "रात्रभर त्याला हात लावू नका. दुखणं सकाळचं, तर नाडीही सकाळीच बघायला हवी."

उजाडताच तो आला. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन गार होते.

"काका, डिझेलचा पंपच गेलाय याचा," विपुल म्हणाला. "टाइमपास आहे सगळा."

"तू सेल्फ मार. मग मला शिकव."

इंजिन जोमाने फिरले, पण पेट घेईना. ॲन्सेल्म मागे सायलेन्सरशी उभा होता.

"बॅटरी ठणठणीत. डिझेल येऊन पेटलं नसतं, तर पांढरा धूर आला असता. इथे धूरच नाही. म्हणजे डिझेल पोचतच नाही. रात्रीत रुसून माघारी टाकीत जातंय."

टाकी आणि पंप यांच्या मधल्या नळीत त्याने पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवला आणि हाताने पंप मारू लागला. नळीतून डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ सरकली. बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झाले. विपुलने रेस वाढवताच बुडबुडे दाटले.

"बघ. कुठूनतरी हवा ओढतोय. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, तेव्हा हवाही जास्त येते. रोग एकच, लक्षणं दोन."

इंजिन बंद करवून तो ट्रकाखाली सरपटत गेला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "सापडली! क्लॅम्पच्या आत रबरी पाइपला भेग आहे. पण वैनी, ही भेग जुनी दिसते. मग शत्रुघ्नला सकाळी त्रास कसा नव्हता?"

सुभद्राबाई पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून त्या प्रथमच बोलल्या.

"ते इथे गाडी लावत नसत. तिथे लावायचे." त्यांनी वाडीतल्या बावखलाकडे, त्या छोट्या तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर बोट दाखवले. "तोंड खाली, चाकांना दगड. आणि खाली करवंटी ठेवायचे."

"करवंटी कशाला?"

"थेंब पडायचे ना. सकाळी उचलून मी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत, लाकडांवर ओतायची."

ॲन्सेल्म डोके बाहेर काढून तसाच पडून राहिला. "तोंड उताराला म्हणजे टाकी वर, पंप खाली. हवा आत शिरायच्या ऐवजी डिझेल बाहेर ठिबकायचं. आणि टाकी? ती भरलेली असली, तर चढावरही हवा ओढायची वेळ येत नाही."

"अर्ध्याखाली कधी येऊ दिली नाही. घरातलं पीठ संपेल, पण यांची टाकी संपणार नाही, म्हणायची मी."

विपुलने मान खाली घातली. तो लागेल तेवढेच डिझेल भरी. आणि तेराव्याला आचाऱ्यांच्या चुली तिथे पाण्याजवळ मांडायच्या, म्हणून ट्रक त्यानेच फाटकापाशी सपाटीवर आणला होता. परत न्यायचे कोणाच्या मनात आले नव्हते.

"लबाड कुठला!" ॲन्सेल्म हसला. "पाइप बदलायचा सोडून करवंटी!" मग त्याने तोंड फिरवून तेलकट बाहीने डोळे पुसले. सुभद्राबाई ते पाहत राहिल्या. पावसाला काचेआडून पाहावे तसे.

त्याने नवा पाइप बसवला आणि सांगितले, "संध्याकाळी उतारावरच लावा. उद्या करवंटी कोरडी निघाली आणि गाडी झटक्यात सुरू झाली, तर दुखणं गेलं."

भंगारवाल्याला उद्याचा निरोप गेला.

संध्याकाळी चाकांना दगड लागले. सुभद्राबाईंनी हातांच्या सवयीने, नेमक्या जागी करवंटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी ती उचलली आणि न पाहताच चुलीपाशी नेली. लाकडांवर कलती केली. काहीच पडले नाही. त्यांनी ती पूर्ण पालथी केली आणि तशीच धरून ठेवली. बाहेर विपुलने सेल्फ मारला. पहिल्याच फेऱ्यात इंजिन खणखणीत सुरू झाले.

"काकी!" तो ओरडत आला. "सुरू झाला! त्या भंगारवाल्याला काय सांगू?"

"नाही द्यायचा म्हणून सांग."

"आणि आता लावायचा कुठे? आता कुठेही लावला तरी चालेल."

सुभद्राबाईंनी करवंटी उलटसुलट करून पाहिली. आत तेलाचा जुना, काळपट डाग होता.

"तिथेच लाव," त्या म्हणाल्या, आणि कोरडी लाकडे पेटवायला काडेपेटी शोधू लागल्या.